नंदीची चाकं

माझा नंदी आजोबांनी, आमच्या आबाजींनी, सागाच्या उरलेल्या तुकड्यातून कोरला होता. बल्लारपूरला लाकडाचा मोठा डेपो. आलापल्लीच्या जंगलातला साग तिथं येतो, म्हणून आमच्या सुताराच्या घरात चूलही सागाच्या ढलप्यांवर पेटायची. तान्ह्या पोळ्याला नंदीच्या गळ्यात झेंडूची माळ घालून मी त्याला दोरीनं ओढत घरोघरी नेई, बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळवी. पाटाखाली सव्वा इंचाची चार चाकं होती. त्यांची खडखड अजून ऐकू येते.

दहाव्या वर्षी मी नंदीला पाटावरून उतरवलं आणि त्याच्या जागी काडेपेटी चिकटवली, तिच्यात बॉलपेनची रिकामी नळी खोचली.

"बैल कुठं गेला रे बाबू?"

"आबाजी, हा रणगाडा आहे."

ते क्षणभर पाहत राहिले. "मंग चाकाईले पट्टा पाहिजे ना," म्हणाले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली. माझा पहिला रणगाडा असा दोघांनी मिळून केलेला.

खरा रणगाडा पाहिला तो कॉलेजात असताना, अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात. विजयंता रणगाड्याजवळ उभा राहिलो तेव्हा त्याचा पट्टा माझ्या छातीपर्यंत आला. पुढे तोच विजयंता मी एकास बहात्तर प्रमाणात केला. तोफेची नळी सोडली तर जेमतेम अकरा सेंटिमीटरचा. प्लास्टिक घासायचं, प्रायमर मारायचा, मग हिरवा रंग, आणि त्यावर अगदी पातळ काळपट तपकिरी वॉश. हा वॉश खाचांमध्ये, झाकणांच्या कडांशी आपोआप उतरतो आणि सपाट प्लास्टिकला एकदम वजन येतं. त्यानंतर जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडा उजळायच्या. धुळीसाठी मी विकतची पावडर वापरत नाही. चंद्रपूरची कोळशाची भुकटी आणि गडचिरोलीच्या रस्त्यावरचा लाल मुरूम, दोन्ही वस्त्रगाळ करून डब्यांत भरून ठेवले आहेत.

असे रणगाडे आम्ही मित्र टेबलावर लढवतो. गोळा चिलखत भेदतो की नाही, ते फासे ठरवतात. एच. जी. वेल्स यांनी १९०३ मध्ये 'द लँड आयर्नक्लॅड्स' या कथेत चिलखती गाड्या कल्पिल्या, आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम लिहिले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, आणि १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या रणभूमीवर खरे रणगाडे उतरले. एकाच माणसाला हे दोन्ही सुचावं, याचा मी फार विचार करतो.

१ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. गाडी साधी, खासगी होती, चिलखत नसलेली. त्यानंतर कितीतरी महिने मला फासे हातात घेववले नाहीत.

मग मी सुरुंगरोधक गाडी करायला घेतली, आमच्या रस्त्यांवर पाहिलेली तशी. तयार संच नव्हता, म्हणून सागच घेतला आणि आबाजींच्या नंदीची चारही चाकं काढली. मॉडेलचे संच बनवणाऱ्या तामिया कंपनीचं एकास पस्तीस हे प्रसिद्ध प्रमाण म्हणे रणगाड्याच्या मॉडेलात बॅटऱ्या बसाव्यात म्हणून ठरलं. माझं प्रमाण या चाकांनी ठरवलं, आणि तेही जवळजवळ तेवढंच निघालं. सगळ्यात जास्त वेळ घेतला तो गाडीच्या पोटानं. ते सपाट नसतं, सुताराच्या पाचरीसारखं खाली निमुळतं असतं. खालून आलेला स्फोटाचा दाब त्या उतारांवरून दोन्ही बाजूंना निघून जातो आणि आतली माणसं वाचण्याची शक्यता वाढते. त्या दोन उतारांवर मी अकरा संध्याकाळी पॉलिश पेपर फिरवला. टेबलावर ठेवल्यावर ते पोट कुणाला दिसतही नाही.

ही गाडी मी कधी खेळात उतरवली नाही.

पोळ्याच्या रात्री तिची चाकं काढून परत नंदीला लावतो, कारण आता सकाळी, तान्ह्या पोळ्याला, त्याची दोरी माझ्या मुलीच्या हातात असते. तेवढा एक दिवस गाडी आपल्या पाचरीवर, एका कुशीला कलंडून कपाटात असते.