तुतारी आणि लिफाफा

22 एप्रिल 2024, कराड

लोकसभेच्या अर्ज माघारीची मुदत आज संपली आणि चिन्हं ठरली. माझं सासर सातारा मतदारसंघात, माहेर तासगावचं म्हणजे सांगलीत, त्यामुळे दोन्हीकडचं राजकारण घरात येतं. इकडे भाजपचे उदयनराजे भोसले, समोर शरद पवारसाहेबांच्या राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे. तिकडे महाविकास आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेल्यावर वसंतदादा पाटलांचे नातू, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. चिन्ह लिफाफा. पंधरा दिवसांत नवं चिन्ह पार जतपर्यंत पोचायचं कसं, असं मी फोनवर भावाला म्हटलं. "अक्का, घरटी माणूस फिरतोय," एवढंच म्हणाला.

29 एप्रिल

आज पंतप्रधानांची कराडला सभा झाली. गर्दीवरून इथला अंदाज बांधू नये. 2019 साली उदयनराजे राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या फरकानं निवडून आले, भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून 87 हजारांवर मतांनी हरले. 18 ऑक्टोबरची पवारांची भर पावसातली सभा तेव्हाचीच. माणूस तोच, मतदार तेच, आणि सहा महिन्यांत कौल उलटा. इथला मतदार कुणाच्या खिशात नाही, याचा मला अभिमान वाटतो.

7 मे

आज मतदान. रात्रभर मुंबईकडून गाड्या येत होत्या. पाटण, जावळीच्या खोऱ्यातली कितीतरी घरं मुंबई-नवी मुंबईच्या कामावर चालतात. बाजार समितीतले माथाडी तर पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. शिंदेही माथाडी चळवळीतले. पाटणकडे निघालेले आमचे पाहुणे पहाटे चहाला थांबले. एका दिवसाची रजा. मत टाकायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बोटाला शाई लावायला रात्र जागून येणाऱ्या या माणसांचं मत हलकं धरून कसं चालेल?

ऊन चढायच्या आत आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, घेऊन शाळेवर गेले. वय झालंय, तरी त्यांचं मत कधी चुकलेलं नाही. केंद्राबाहेर उमेदवारांची यादी डकवली होती. आत्यांनी चष्मा पुसला, पदर सावरला आणि कागदाजवळ तोंड नेऊन एकेक ओळीवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी बोट थांबलं, खाली गेलं, परत वर आलं.

"हितं बी तुतारीच लिवलंय, आन्‌ हितं बी. खरी कुठली गं?"

एका ओळीत तुतारी वाजवणारा माणूस, ते शिंदेंचं. दुसरीकडे बँडवाल्याचं असतं तसलं नुसतंच वाद्य, एका अपक्षाचं. चित्रं बोटाच्या पेराएवढी. केंद्राच्या दारात कुणाचं नाव घेऊन सांगणं बरं नव्हे. "नाव आणि फोटो बघून काय ते ठरवा," म्हटलं. त्या आत गेल्या. कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

4 जून

आज मतमोजणी. बराच वेळ शिंदे पुढे होते. मग चित्र पालटलं. उदयनराजे 5 लाख 71 हजार 134, शिंदे 5 लाख 38 हजार 363. फरक 32 हजार 771. आणि त्या दुसऱ्या तुतारीच्या अपक्षाला 37 हजार 62.

ही सगळी मतं चुकून पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या अपक्षालाही उभं राहायचा पुरा हक्क होता, चिन्ह त्यानं छापलेलं नाही. उदयनराजे लाखो लोकांनी निवडून दिलेले खासदार आहेत, तेही खरंच. पण यादीवर अडलेलं ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दिंडोरीत अशाच तुतारीला लाखावर मतं पडली. तिथं पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे तरीही निवडून आले, म्हणून बोभाटा कमी झाला.

सांगलीत विशाल पाटील एक लाखाच्या वर मतांनी निवडून आले. भावाच्या फोनवर नुसता हलगीचा आवाज.

6 जून

विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंबा दिला. काँग्रेसच्या 99 जागा होत्या, आता संख्याबळ शंभर झालं.

मी निवडणूक आयोगाला पत्र लिहायला घेतलंय. विधानसभा चार-पाच महिन्यांवर आहे. मागणं दोनच: एका यादीत एकाच नावाची दोन चिन्हं नकोत, आणि चित्र म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल एवढं मोठं छापा. आत्या म्हणाल्या, "खाली माझा बी अंगठा घे." त्यांना सही येते. सहीच घेतली.