शूर्पारकाचा स्फटिक व अकीक

मुंबईकरांस नालासोपारा हें नांव लोकलगाडीच्या गर्दीमुळें ठाऊक असतें; परंतु प्राचीन शूर्पारक तें हेंच, ही गोष्ट कित्येकांच्या गांवींही नसते. स्टेशनाच्या पश्चिमेस बुरुडराजाचा कोट म्हणून विटांचा एक उंचवटा आहे. तो बौद्ध स्तूप होय, असें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उत्खनन करून दाखविलें. आंत दगडी पेटी निघाली. तींत एक तांब्याचा करंडक व त्याच्या सभोंवतीं आठ बुद्धमूर्ति होत्या. तांब्याच्या करंडकांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा व स्फटिकांत सोन्याचा, अशी ती मांडणी होती.

सोन्याला लागून स्फटिकास स्थान मिळालें, यांत नवल नाहीं. वराहमिहिरानेंही बृहत्संहितेंत त्याची गणना रत्नांत केली आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत सोपाऱ्याचा उल्लेख आहे. पैठण व उज्जयिनी येथून अकीकाच्या जातीचे खडे भडोच बंदरीं जात, असेंही त्यांत सांगितलें आहे.

वस्तुतः हे दोन्ही खडे सख्खे भाऊ. दोहोंचें मूळ द्रव्य वाळूंतील सिलिकाच. स्फटिक एकसंध, पारदर्शक व षट्कोनी घडणीचा. अकीक अतिसूक्ष्म कणांचा व अर्धपारदर्शक. तांबड्या अकीकास रंग येतो तो लोहामुळें, व खंबायतचे कारागीर खडे भाजून तो खुलवितात. स्फटिकाचें काठिण्य ७, अकीकाचें साडेसहा ते ७. विशिष्ट गुरुत्व अनुक्रमें २.६५ व सुमारें २.६. स्फटिक उष्णता लौकर वाहून नेतो, म्हणून हातास कांचेहून गार लागतो. अकीकाचे कण एकमेकांत गुंतलेले असल्यानें तो चिवट असतो. म्हणूनच औषधें घोटण्याचे उत्तम खल त्याचे होतात.

आतां औषधी गुणांविषयीं. परंपरेनें स्फटिक शीतल व दाहशामक मानला आहे, आणि अकीकाची पिष्टी हृदयास बल देणारी. परंतु पिष्टी वैद्याच्या देखरेखीखालीं पोटांत घेणें वेगळें आणि खडा बोटांत घालणें वेगळें. आमच्यासह आलेल्या थोरल्या साडूंनीं कोटापाशींच आपली अकीकाची अंगठी दाखविली व म्हणाले, "मास्तर, ही घातल्यापासून रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर बंद आहेत." आम्ही चपापलों. "तात्या, अंगठी खुशाल घाला," आम्हीं म्हटलें, "पण गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून सोडूं नका."

मग आम्हीं त्यांस लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजांतील क्रिस्टोफर फ्रेंच यांचा प्रयोग सांगितला. त्यांनीं कांहीं जणांच्या हातीं खरे स्फटिक दिले, कांहींच्या हातीं नकली. ऊब, झिणझिण्या, मनःशांति इत्यादि अनुभव दोन्ही गटांनीं सारखेच सांगितले. ही हकीकत २००१ सालीं प्रसिद्ध झाली. गुण खड्याचा नव्हे, अपेक्षेचा, असेंच यावरून म्हणावें लागतें. आणि अपेक्षेनें रक्तदाबाचें औषध सोडावें इतकी ती भरंवशाची नाहीं.

तात्या वाटेंत फारसे बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र ते डॉक्टरांकडे गेले. दाब बराच चढलेला निघाला व गोळ्या पुन्हां सुरू झाल्या. अंगठी अजून त्यांच्या बोटांत आहे, व तिला आमची कांहींच हरकत नाहीं. ज्यांनीं स्तूपांत स्फटिक ठेविला त्यांनीं तो पूज्यभावानें ठेविला; घरोघरच्या खड्यांसही तेवढाच मान द्यावा, आणि दुखण्यास वैद्य बोलवावा.