पुळणीवर फुटणारी लाट

वाचकहो, भिलाईच्या पावर हाउस स्थानकावर मुंबईची गाडी धरून आपण निघालात आणि पुढे कोकण रेल्वेने रत्नागिरीस उतरलात, तर तेथून उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर गणपतीपुळे लागते. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. येथे डोंगराच्या पायथ्याशी पश्चिमाभिमुख देवालय आहे आणि त्याच्यासमोर मोकळा अरबी समुद्र. दूरवरून आलेली लाट थेट या वाळूवर फुटते.

ही लाट कोठून येते? पुष्कळदा तिचा जन्म हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांत होतो. हजारो किलोमीटर ओलांडून सुमारे आठवड्याने ती आपल्या किनाऱ्यास लागते. पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीवर आली, की ती कोसळते. अशा लाटेवर फळीने आरूढ होण्याचा खेळ हवाई बेटांत फार जुना. २०२१ साली तोक्योच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याचा प्रथमच समावेश झाला. आपल्याकडे कर्नाटकातील मुळकी व गोव्यातील अश्वे येथे तो शिकविला जातो.

या खेळाचे जाणकार पहाटेची वेळ पसंत करतात. त्या वेळी जमिनीवरून वाहणारे मतलई वारे लाटेचे तोंड सावरून धरतात. दुपारी खारे वारे सुटले, की पाणी विस्कटते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वाऱ्यांनी समुद्र खवळलेला असतो; तेव्हा तो काठावरूनच पाहावा.

पावसाळ्यातील लाटा पुळणीची वाळू ओढून आत नेतात व तिचे बांध रचतात. उघाडीत तीच वाळू हळूहळू परत येते. त्यामुळे गतवर्षी जेथे कमरेइतके पाणी होते, तेथे यंदा खळगा असू शकतो. किनाऱ्यावर चढलेले पाणी दोन बांधांमधील फटीतून वेगाने परत फिरते. त्या फटीत लाटा फुटत नाहीत, पाणी गडद व शांत दिसते. म्हणूनच मुलेबाळे घेऊन आलेली मंडळी नेमकी तेथेच उतरतात. गणपतीपुळ्याच्या समुद्राने आजवर अनेक पर्यटकांचे बळी घेतले आहेत.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये; पट्टीचा पोहणाराही थकतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात उंच करून मदत मागावी आणि शक्ती असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. ओढ माणसाला खाली बुडवीत नाही, ती केवळ दूर नेते.

निघण्यापूर्वी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या शासकीय केंद्राचा लाटांविषयीचा अंदाज पाहावा. पुळणीवर पोहोचल्यावर स्थानिक कोळ्यांना विचारावे. मोठ्या लाटा गटागटाने येतात, तेव्हा पाच मिनिटांच्या शांततेवर विसंबू नये. मुलांना घेऊन प्रथम वाळूवर बसावे, निदान पंधरा मिनिटे लाटा मोजाव्यात, गडद पट्टा कोठे आहे तो त्यांनाच शोधू द्यावा. आणि मगच पाण्यात पाऊल घालावे.