कासवीचे बाळंतपण

आमच्या संतवाङ्मयात कासवीला मोठा मान आहे. ती पिलांना पाजीत नाही, पंखांखाली घेत नाही; दूर राहून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी कल्पना असून सद्गुरूच्या कृपेला तिची उपमा पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. प्राणिशास्त्र मात्र या बाबतीत काहीसे रुक्ष आहे. कासवी आपली पिले बहुधा पाहतही नाही, असे ते सांगते. ती पाण्यातून जमिनीवर येते, जागा निवडते, मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालून माती सारखी करते आणि निघून जाते. तिचे सारे मातृत्व त्या एका निवडीत सामावलेले असते. माती फार कोरडी नको, फार ओली नको, ऊब बेताची हवी. कित्येक जातींत पिलू नर निपजावे की मादी, हेही त्या उबेवरच ठरते.

हे सारे वाचून ठाऊक असणे निराळे आणि बंगळुरातील सरकारी निवासस्थानाच्या तिसऱ्या मजल्यावर अनुभवणे निराळे. बदलीचा हुकूम आला म्हणजे सामान हलते, मुलांच्या शाळा हलतात. काचेची टाकी मात्र सहसा शेजारी राहते. एका स्नेह्यांच्या अशाच बदलीमुळे ही कासवी आमच्याकडे आली. डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. बाजारात विकतात तेव्हा ती तळहातावर मावते. आमच्या कासवीची पाठ आता चांगली वीतभर लांब आहे.

एका फेब्रुवारीत तिचे चित्त ठिकाणावर राहीना. अन्नावरची वासना गेली. रात्रभर ती काचेवर चढू पाही आणि मागच्या पायांनी टाकीचा तळ खरवडी. पशुवैद्यांनी क्ष-किरणांनी छायाचित्र काढले, तेव्हा पोटात आठ अंडी स्पष्ट दिसली. नराचा सहवास नसता कोंबडी जशी पोकळ अंडी घालते, तशी कासवीही घालते. परंतु माती मिळाली नाही, तर ती अंडी रोखून धरते. रोखलेले अंडे आत फुटले किंवा अडकले, तर दोष पसरून जिवावर बेतते. आम्ही औषधाविषयी विचारले. ते म्हणाले, “औषधाचं नंतर पाहू. आधी तिला माती द्या.”

इतके साधे औषध मिळविणे तिसऱ्या मजल्यावर किती अवघड असते, हे तेथे राहणाऱ्यांनाच कळेल. आवारातल्या माळ्याला कासवाला कानडीत ‘आमे’ म्हणतात तेवढा शब्द सांगून, उरलेले हातवाऱ्यांनी समजावले. त्याने हसून दोन पोती ‘केंपु मण्णु’ म्हणजे तांबडी माती वर आणून दिली. खते किंवा कीटकनाशके न पडलेली ती माती आम्ही वाळूत कालवली आणि मूठ वळली असता आकार राहील इतपत ओलवली. साडेतीन फूट लांब व दोन फूट रुंद अशा खोक्यात तिचा थर फूटभर दिला. खड्डा पाठीच्या लांबीइतका तरी खोल जावा लागतो आणि पायांना तळ लागला की कासवी खणणे सोडून देते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच; येथील रात्री गार. म्हणून वर एक दिवा टांगला. बाजू उंच केल्या, कारण कष्टी कासव भिंत चढण्यात पटाईत असते.

पहिल्या दोन रात्री तिने मातीचा नुसता वास घेतला. आम्ही दर अर्ध्या तासाने डोकावत होतो. अखेर मातोश्रींनी आम्हांस खडसावले, “अरे, बाळंतिणीकडे असं टक लावून पाहू नये. आडोसा कर आणि जा निजायला.” आम्ही खोक्याभोवती जुने लुगडे बांधले. पशुवैद्यांनाही हा उपचार पसंत पडला, कारण कोणी पाहत आहे असे वाटले की कासवी काम अर्धवट टाकते. तिसऱ्या पहाटे माती सपाट थापलेली दिसली. उकरली, तेव्हा सात अंडी निघाली. आठवे नव्हते. तो सबंध दिवस घरात कोणाचे कशात लक्ष लागले नाही. रात्री ते टाकीच्या पाण्यात सापडले आणि दुसऱ्या दिवशी तिने पहिला घास घेतला.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ पासून सागरी कासवांची अंडी राखण्याचे काम चालू आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ते आरंभिले. तेथील मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि त्यासाठी समुद्र तुडवून बहुधा आपल्याच जन्मप्रदेशाच्या किनाऱ्याकडे परतते. पहिलटकरणीने माहेरी यावे, तसेच ते आहे. तिच्या माहेराची वाळू गावकरी राखतात. घरात कोंडलेल्या कासवीचे माहेर कोठे? तिला परत धाडता येत नाही. येथल्या तळ्यात सोडणे तर अपराधच, कारण ही परकी जात देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. आणि पाठीवर चांदण्या असलेले आपले देशी कासव घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हेही वाचकांनी ध्यानी धरावे.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी कासवी आधीच आहे, त्यांच्यापुरता प्रश्न सरळ आहे. टाकी, दिवा आणि अन्न यांचा हिशेब सगळेच करतात. मातीचा क्वचितच कोणी करतो. नर असेल तर टाकीत त्याचे निभेल. मादी वयात आली की वर्षातून एकदा, कधी दोन-तीनदाही, तिला जमीन हवी असते आणि ती गरज अंडी पोकळ असल्याने कमी होत नाही. आमच्या दिवाणखान्यातले खोके तेव्हापासून तेथेच आहे. पाहुणे विचारतात; आम्ही सांगतो. पुढची बदली झाली तर सामानाच्या यादीत त्याचे नाव पहिले राहील. माती तेवढी नव्या गावची घ्यावी लागेल.