तिसरा आवाज

रेडिओवर रुसवा ऐकू येत नाही. रंगभूमीवर नायिकेने नुसती पाठ फिरवली, तरी पिटातल्या प्रेक्षकाला कळते की आता काही खरे नाही. रेडिओवर तीच नायिका गप्प बसली, तर घरोघरचे श्रोते उठून बटणे पिळू लागतात; त्यांना वाटते, रेडिओच बिघडला. आणि आपल्या मराठी घरातले भांडण म्हणजे बहुधा न बोलण्याचे! पानात भाजी जरा जोरात पडते, ताकाचे भांडे आदळते, आणि 'अजून वाढायचं का विचार' हा निरोप मुलांमार्फत येतो. नभोनाट्य लिहिणाऱ्याने हे दाखवायचे तरी कसे?

त्यावर मुंबई नभोवाणीने काढलेला तोडगा तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्याचे नाव टेकाडे भावजी. 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक श्रुतिकांत तीन माणसे असत. प्रभाकरपंत म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर. घर पंतांचे, संसार वहिनींचा, अडचणही त्या दोघांचीच. भावजींचे त्यात काय? काहीच नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावाचून चालत नसे. नवराबायको जे एकमेकांना बोलणार नाहीत ते तिसऱ्याला बोलतात, आणि आपण भिंतीआडून ऐकतो. भावजी या शब्दातच ती सोय आहे. नवऱ्याचा भाऊ, किंवा भावासारखा मित्र. घरात मुभा आहे, पण हुकूम नाही. त्याची चेष्टा करता येते. मुख्य म्हणजे त्याच्यापुढे हसले की हरल्यासारखे होत नाही.

हा माणूस रेडिओने जन्माला घातला असे मात्र नव्हे. गवळणीतला पेंद्या आठवा. कृष्ण बासरी वाजवून मोकळा होतो. गौळणींशी हुज्जत घालायची, त्यांची बोलणी खायची, ती पेंद्याने. 'मृच्छकटिका'तला मैत्रेय तर मित्राच्या दारिद्र्यावर त्याच्या तोंडावर बोलतो, आणि चारुदत्ताला ते सोसते, कारण बोलणारा विदूषक आहे. चिं. वि. जोशांचा चिमणराव गुंड्याभाऊवाचून कल्पून पाहा. आमच्या पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाही तर खडी गंमत उभी राहते. तिथेही शाहीर कोण होता हे लोक चार दिवसांत विसरतात, सोंग कोणी आणले होते ते पुढच्या दिवाळीपर्यंत सांगतात. पण बिदागी वाटताना पहिला मान शाहिराचा. दुसऱ्या माणसाचा हा दुसरेपणा फार जुना आहे.

मी टेकाडे भावजींना ऐकले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, दादरला मावशीच्या घरी. आम्ही आर्वीचे. पुलगावला मोठ्या गाडीतून उतरायचे आणि तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने घरी यायचे, असा तेव्हाचा प्रवास. (ती गाडी आता नाही.) मध्यम लहरींवर मुंबई आमच्याकडे दिवसा लागत नसे. आम्हांला नागपूर. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झाले, आणि आमच्या घरात रेडिओ आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तोवर लायसनचे पैसे पोस्टात भरायचे ही गोष्ट वडिलांना पटेना. आपल्याच घरात आवाज ऐकायचा आणि त्याचा कर सरकारला?

रेडिओ आला आणि त्याच्या पाठोपाठ काका आले. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कारकून. कामावर जाण्याआधी रोज सकाळी आमच्याकडे चहा, आणि चहाबरोबर आईने दिलेली फोडणीची भाकर. रेडिओसमोर मांडी घालून बसायचे आणि निवेदिकेला उत्तरे द्यायची, हा त्यांचा उद्योग. ती 'नमस्कार' म्हणाली की हे म्हणत, "नमस्कार बाई, बसा." तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे असे तिने सांगितले, की यांचा प्रश्न तयार: "तुरळक म्हंजे कोठी हो बाई? पाटलाच्याच वावरात काय?" कापसाचे भाव लागले की म्हणायचे, "हे भाव आमच्या काट्यावर येऊन सांगा न बाई, शेतकरी मले मारून राहिले." गंमत अशी, की ती बाई नेमकी तितकाच वेळ थांबे आणि मग पुढचे वाक्य बोले. काका सांगत, की आमचे ठरलेले आहे. मला पुष्कळ वर्षे ते खरे वाटत होते.

तुम्ही म्हणाल, ही काय कला झाली? घरोघर असा एक असतोच. असतो, पण थांबावे कुठे हे कळणारा क्वचित. काकांना बातम्यांच्या वेळी बोलायचे नाही हे कळत होते. मृत्यूची बातमी असली की ते पेला खाली ठेवत. विनोद करणाऱ्याला जे विनोदाचे नाही ते इतरांहून चांगले ठाऊक असावे लागते. बाळ कुडतरकरांविषयी पुढे एक गोष्ट समजली तेव्हा मला काकांची आठवण झाली होती. सिनेमा सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट सक्तीने दाखवीत. त्यांतल्या कितीतरी पटांचा मराठी आवाज कुडतरकरांचा. धरणे, कालवे, राष्ट्राची प्रगती! म्हणजे भारदस्त आवाज त्या गळ्यात होताच. भावजी होताना तो बाजूला ठेवलेला असे. तिसऱ्या माणसाचे काम ज्याला दुसरे काही जमत नाही त्याला देतात, हा समज चुकीचा आहे.

आमच्या घरातला रुसवा मोठा होता. थोरल्या भावाने शेती करणार नाही असे सांगितले आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात अर्ज केला. वडिलांनी त्याच्याशी बोलणे सोडले. तीन महिने. त्याच्या पानाशी पान लावून जेवत, पण मीठ हवे असले तर आईला हाक मारीत. आई दोघांच्या मधे उभी राहून वाळत चालली होती. नेमणुकीचे पत्र आले त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही. आम्ही लहान मुलेही कुजबुजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. आल्याआल्या त्यांना सगळे कळले असावे, पण चेहऱ्यावर काही नाही. रेडिओवर हवामान लागले. काका रेडिओकडे झुकून म्हणाले, "बाई, सगळीकडचं सांगता तं भिलाईचंही सांगा न. आमचा पोट्टा जाऊन राहिला तिकडे. त्याच्या बापाले विचारायचं हाये, पन दादा लाजून राहिले."

आईने पदर तोंडाला लावला. भाऊ खाली पाहत होता. त्याचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने ते मला दिसले नाही. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग कोणाकडेही न पाहता म्हणाले, "तिकडे थंडी खूप असते. माझा कोट घेऊन जाय म्हणा त्याले."

काका भावाकडे वळले. "म्हणा म्हंते."

"कोट मोठा होईल म्हणावं," भाऊ म्हणाला.

आता निरोप उलट पोचवायचा. पण काकांनी पेला उपडा ठेवला, टोपी घातली आणि उठले. "माही ड्यूटी संपली. काट्यावर गाड्या उभ्या आहेत." दारात त्यांनी चपला घालायला जरा जास्तच वेळ लावला. आत वडील भावाला म्हणत होते, "बाह्या आत दुमडून घे. आई शिवून देईल."

तो कोट भिलाईला गेला आणि भावाच्या लग्नापर्यंत टिकला.

अलीकडे सकाळच्या खाजगी एफ. एम. वर मी असे जोडीदार ऐकतो. नागपूरची केंद्रे आर्वीच्या बाजूला धड लागत नाहीत, पण नागपूरला मुलीकडे गेलो की स्वयंपाकघरात चालू असतात. पोरे हुशार आहेत, जिभेला धार आहे. कोणाला तरी खोटे नाव सांगून फोन करायचा, त्याला चिडवायचे, आणि तो चिडला की हसायचे. मला हसू येत नाही असे नाही. परंतु तिथे हसणारा जिंकलेला असतो, आणि फोनवरचा गरीब दुकानदार हरलेला. टेकाडे भावजींच्या घरी प्रकार उलटा होता. हरायचे ते भावजींनी.

बाळ कुडतरकर २०१९ साली गेले. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षात होते. नीलम प्रभू, ज्या पुढे करुणा देव झाल्या, त्याही आता नाहीत. त्या श्रुतिका आज सहजी ऐकायला मिळत नाहीत. सकाळी हवेत सोडलेला आवाज दुपारी कोण जपून ठेवतो?

काकांचे सांगायचे राहिले. काकू गेल्या तेव्हा मी नागपूरला शिकत होतो. तेरावे झाल्यावर काका पुन्हा सकाळी येऊ लागले, असे आईने लिहिले होते. पण बोलत नाहीत. सुट्टीत घरी गेलो आणि पाहिले. ते नेहमीच्या जागी बसले होते. बाईने नमस्कार केला, काका गप्प. हवामान झाले, भाव झाले. मधली ती रिकामी जागा आता फार मोठी वाटत होती. आम्हांला कोणालाच काय बोलावे ते सुचेना. त्यांच्या घरी, त्यांच्यासाठी, हे काम करणारा कोणी नव्हता.

भाव सांगून झाल्यावर वडिलांनी घसा खाकरला. माझे वडील, ज्यांनी जन्मात थट्टा केली नव्हती, ते रेडिओकडे पाहून अवघडल्या आवाजात म्हणाले, "बाई, जरा थांबा. आमचा भाऊ आज नाराज हाये तुमच्यावर."

काकांनी मान वर केली. बाई थांबली नाही. पुढचे गाणे सुरू झाले. "चुकलं, दादा," काका म्हणाले, "बाईले श्वास घेऊ द्यावा लागते, मंग बोलाचं." आणि रडू लागले. आईने आतून चहा आणला, वडिलांनी रेडिओ बारीक केला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा प्रयत्न करायला लावले.