चाकांवरचं वन रूम किचन

मोटरहोम म्हणजे काय, तर ट्रकच्या पाठीवर बसवलेलं वन रूम किचन. आपल्याकडे याचं भलतंच ग्लॅमर. नाव काढलं की डोळ्यासमोर हिरोची व्हॅनिटी व्हॅन येते. प्रत्यक्षात डायनिंग टेबल खाली पाडलं की एक बेड, ड्रायव्हरच्या डोक्यावर दुसरा बेड, मागच्या बाजूला जेमतेम तिसरा. आणि टॉयलेट असं, की आत वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं!

दादा-वहिनी फिनिक्सला असतात. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. मी फ्रीलान्सर, म्हणजे सुट्टी द्यायला बॉस नाही आणि पगार द्यायलाही नाही. तर मे महिन्यात आम्ही पाच जण भाड्याची 28 फुटी गाडी घेऊन ग्रँड कॅन्यनला निघालो. एवढं धूड चालवायला तिथे साधं कारचं लायसन्स चालतं, हे ऐकून बाबांनी सीटबेल्ट दोनदा तपासला.

फिनिक्सपासून साउथ रिम साधारण 370 किलोमीटर. संध्याकाळी पोचलो. पार्कच्या आतच ट्रेलर व्हिलेज नावाचा कॅम्पग्राउंड आहे. पाइनच्या झाडांमध्ये एकेका गाडीपुरती जागा, बाजूला एक टेबल आणि जमिनीतून वर आलेली तीन तोंडं: वीज, पाणी आणि ड्रेनेज. पहिली दोन दादाने जोडली. तिसऱ्याचं नंतर बघू म्हणाला.

गाडीत एक छोटं पॅनल असतं. स्वच्छ पाणी किती उरलं, भांडी-आंघोळीचं सांडपाणी किती साठलं आणि टॉयलेटची टाकी किती भरली, हे त्यावर दिवे लागून कळतं. आमचे बाबा बँकेतून रिटायर्ड, डोंबिवलीच्या सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी. घरी चहाचा कप ओट्यापर्यंत नेलेला कोणी पाहिलेला नाही. पण पॅनल दिसल्यावर माणूस बदलला. सकाळी उठलो तर हे वहीत आकडे लिहून घेतायत! आई नळ सोडून भांडी घासायला लागली की मागून आवाज: "अर्धा झाला हं!"

"नळ जोडलाय ना, येतंय की पाणी," आई म्हणाली. पण ते पाणी येतं कुठून, हे वहिनीने सांगितलं आणि आईनेच नळ बारीक केला. दरीच्या पलीकडच्या कड्याखाली रोअरिंग स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत. तिथून 1960 च्या दशकात टाकलेली पाइपलाइन दरी ओलांडून इकडे येते. ती सारखी फुटते. 2024 च्या ऑगस्टअखेर इतकी फुटली, की काही दिवस इथली हॉटेलं रात्रीच्या मुक्कामाला बंद ठेवावी लागली.

एवढी मोठी गाडी पार्क करायची कुठे हा प्रश्नच असतो, म्हणून ती तिथेच ठेवून आम्ही पार्कची फुकट शटल पकडली. दरीबद्दल मी काय सांगणार? फोटो तुम्ही बघितलेलेच आहेत. 446 किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून जास्त खोल, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. आई दहा मिनिटं गप्प उभी होती. मग मला दंडाला धरून दोन पावलं मागे ओढलं. सत्ताविसाव्या वर्षी!

पण मला विचाराल तर त्या दिवसातली खरी गंमत 'ट्रेल ऑफ टाइम'. यावापाई म्युझियमपासून कड्याच्या कडेकडेने जाणारी सपाट पायवाट. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत पितळी बिल्ले ठोकलेत आणि वाटेत दरीतल्या थरांचे दगड मांडलेत, हात लावून बघायला. नदीने ही दरी कोरली ती गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत, म्हणजे पाच-सहा ढांगांत. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणून बाबांनी मोजून 66 ढांगा टाकल्या. तिथे सह्याद्रीची पाटी असण्याचं काही कारण नाही, तरी हे थांबले आणि म्हणाले, "इथे आपलं राजमाची."

तिथून पुढे किलोमीटरभराहून जास्त चाललो, तेव्हा भेटला विष्णू. खरंच. दरीच्या तळातल्या काळ्या, चकाकत्या खडकाचं नाव 'विष्णू शिस्ट', वय सुमारे 175 कोटी वर्षं. शेजारी ब्रह्मा आणि रामाच्या नावाचेही खडक आहेत. दरीतल्या सुळक्यांना अशी पौर्वात्य नावं द्यायची टूम काढली क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने. त्याच्या 1882 च्या ग्रंथात विष्णू टेंपल, शिवा टेंपल आहेत. आईने त्या दगडाला हात लावला आणि तोच हात कपाळाला. बाबा कुजबुजले, "अगं, दगड आहे तो."

"मग पंढरपूरला काय आहे?"

बाबा पुढचे शंभर मीटर, म्हणजे दहा कोटी वर्षं, काही बोलले नाहीत.

सूर्यास्त होपी पॉइंटवरून पाहिला, सगळे बघतात तसाच. परतलो तर कॅम्पग्राउंडला संध्याकाळ चढली होती. लोक फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून गाड्यांसमोर बसलेले, अगदी चाळीच्या गॅलरीसारखे. शेजारचं सत्तरीचं जोडपं घर विकून कायमचं गाडीतच राहायला आलेलं. फोडणीचा वास घेत आजोबा विचारायला आले, आणि पिठलं-भात खाऊन गेले. कुकरची शिट्टी वाजली तेव्हा पलीकडे चरणारा एल्क, आपल्या सांबराचा थोरला भाऊ, मान वर करून बघत राहिला. हवेत गारठा होता. बाबा त्या आजोबांशी टाक्यांबद्दल तासभर बोलत होते. इंग्रजी, मराठी, हातवारे, सगळं वापरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनलवरचा काळ्या टाकीचा शेवटचा दिवा लागला. ही टाकी भरत आल्यावरच सोडायची असते, नाहीतर घट्ट ते आतच बसतं. दादाने हातमोजे काढले. बाबा म्हणाले, "आण इकडे."

"तुम्ही?" आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, कोणाला तरी बोलवा ना."

"इथे कोणी नाही येत, आई," दादा म्हणाला. "ज्याचं त्याने."

आजोबांनी शिकवलेलं बाबांच्या लक्षात होतं. पाइप जोडायचा, आधी काळी टाकी सोडायची, मग भांड्या-आंघोळीची, म्हणजे तिच्या पाण्याने पाइप धुतला जातो. चार-पाच मिनिटांचं काम. झडप ओढली तेव्हा आवाज झाला आणि वासही आला. बाबांनी तोंड फिरवलं नाही, पण पाइपवरचा हात थरथरत होता. नंतर ते बराच वेळ मोजे घातलेले हात अंगापासून लांब धरून उभे राहिले.

आपल्याकडे 2013 साली कायदा झाला. हाताने मैला काढायला लावणं, साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. तरी माणसं उतरतात, आत गुदमरून मरतात, पेपरात चार ओळी येतात. मी पत्रकार आहे. त्या चार ओळींची लांबी मला माहीत आहे.

आई आंघोळीला पाणी तापवायच्या गडबडीत होती. बाबा तसेच उभे.

"आपल्या सोसायटीत चेंबर तुंबलं की येतो, त्याचं नाव काय गं?"

आईला माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्याचं व्हाउचर बाबांच्याच सहीने निघत होतं. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले असणार. बाबांनी मोजे काढले, हात तीनदा साबणाने धुतले आणि सोसायटीच्या वॉचमनला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"नाव काय ते माहीत नाय साहेब. माझ्याकडे 'चेंबरवाला' म्हणून सेव्ह हाय. पाठवू का नंबर?"

"पाठव," बाबा म्हणाले.