कॅमेरा पाण्यावर नेतांना

गेल्या वैशाखांत माझा पुतण्या चार दिवसांच्या रजेवर पुण्याहून हिर्डोशीस आला, तो मोटारीच्या टपावर एक होडकें बांधून. आमच्याकडील लांकडी होडीसारखें हें होडकें नव्हे. दोन्ही टोकांस निमुळतें आणि दोघांनीं सहज उचलावें इतकें हलकें. ह्यास कॅनो म्हणतात, व तें एका पात्याच्या वल्ह्यानें चालवितात. बरोबर कॅमेराहि होता, आणि त्याची किंमत ऐकून घरांतील मंडळींनीं तोंडांत बोटें घातलीं. पाण्यावर जाण्याचें कारण मात्र केवळ हौस हें नव्हतें. माझे वडील बंधु, म्हणजे त्याचे वडील, आतां ऐंशीच्या घरांत आहेत. गुडघ्यांमुळें त्यांस प्रवास होत नाहीं. नदीकांठचा आपला पार एकदां पाहावयास मिळावा, असें ते वर्षभर घोकीत होते.

आमचें हिर्डोशी हिरडस मावळांत, भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ह्याच खोऱ्यांतून नीरा वाहते. देवघर येथें तिजवर धरण झालें, आणि नदीकांठचीं भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. त्यांत आमचें खाचर आणि त्याच्या बांधावरील पिंपळाचा पारहि गेला. पावसाळ्यानंतर तेथें अथांग पाणी असतें. वैशाखांत पाणी उतरलें म्हणजे पाराचे चिरे पंधरा दिवस, फार तर महिनाभर उघडे पडतात. परंतु कांठापासून तेथवर गुडघा-गुडघा गाळ असल्यामुळें पायीं जाणें अशक्य. जावयाचें तर पाण्यावरूनच.

पुतण्यानें हा बेत सांगितला तेव्हां मीं लगेच होकार दिला नाहीं. त्याचें कारण सांगावयास मला अद्यापहि संकोच वाटतो. पण हा लेख लिहावयास बसलों आहें तो तें सांगण्याकरितांच.

धरणाचें पाणी पहिल्यानें चढूं लागलें त्या वर्षींची गोष्ट. माझी आई तेव्हां हयात होती. पार बुडणार हें ठरल्यावर एके सकाळीं ती काठी टेकीत बांधावरून चालत आली आणि नेहमींच्या चिऱ्यावर बसली. लग्न होऊन ती ह्या घरांत आली तेव्हांपासून खाचरावर भाकरी घेऊन आली कीं त्याच चिऱ्यावर बसावयाची. मीं एका स्नेह्याचा कॅमेरा उसना आणला होता. त्या सकाळीं छत्तीस चित्रांची एक सबंध फिल्म मीं तिच्यावर खर्च केली, ती काढून झोळींत टाकली आणि दुसरी भरली. आई घरीं गेली. दुपारीं मला अशी बुद्धि झाली कीं, पाण्यावरूनहि पाराचें एक चित्र घ्यावें. शेजाऱ्याच्या होडींत बसून गेलों. चित्रांत अर्धाच पार मावेना, म्हणून मी उभा राहिलों. शेजारी म्हणाला, "गुरुजी, खालीं बसा." मी म्हणालों, "एकच." तेवढ्यांत होडी कलली. उसना कॅमेरा मीं दोन्ही हातांनीं छातीशीं धरला आणि तो वांचविला. फळीवर ठेवलेली झोळी मात्र घसरून पाण्यांत गेली, ती पुन्हां दिसली नाहीं. पुढच्या आषाढांत आई गेली. दोष शेजाऱ्याचा नव्हता, होडीचा नव्हता. सर्वस्वी माझा होता. शाळेंत तीस वर्षें मुलांना 'विचार करून कृति करावी' असें शिकविणाऱ्या माणसानें हें करावें, ह्याची बोचणी आजवर गेलेली नाहीं.

तूप पात्राच्या आधारावर आहे, कीं पात्र तुपाच्या आधारावर आहे, ह्याचा निर्णय करण्याकरितां भरलें पात्र उपडें करून पाहणाऱ्या नैयायिकाची गोष्ट आम्ही लहानपणीं पाठशाळेंत ऐकून पोट धरून हंसत असूं. त्या दिवशीं मीं त्याहून निराळें काय केलें?

म्हणून पुतण्यास मीं तीन अटी सांगितल्या. तो दर हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याकरितां उजनीच्या पाण्यावर भिगवणास जातो, तेव्हां ह्या विद्येंत तो माझ्याहून तयार आहे. तरीहि त्यानें त्या मुकाट्यानें ऐकून घेतल्या, आणि जेथें मी चुकलों तेथें मला दुरुस्तहि केलें.

पहिली अट माणसांची. तरंगतें जाकीट अंगांत घालावयाचें, होडक्यांत ठेवावयाचें नाहीं. 'मला पोहतां येतें' हें उत्तर चालावयाचें नाहीं. कारण धरणाच्या पाण्याखालीं जुन्या झाडांचे खुंट असतात, आणि गाळांत पाय रुतला म्हणजे पोहण्याचें कसब व्यर्थ होतें. पाटबंधारे खात्याची परवानगी त्यानें आधींच काढली होती. उजाडतांच निघावें, वारा सुटण्यापूर्वीं परतावें, आणि किती वाजेपर्यंत परत येणार हें घरीं सांगून जावें, असें ठरलें. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यांत अडकवून ठेवण्याची त्याची संवय होती. तीहि मीं बंद करविली. होडकें उलटलें असतां गळ्यांतला पट्टा कशांत अडकेल ह्याचा नेम नाहीं.

दुसरी अट पेटीची. होडकें उलटणारच, असें गृहीत धरून सामान बांधावें. पुतण्यानें एक टणक पेटी आणली होती. तिच्या झांकणाच्या खांचेंत रबराचें कडें असतें आणि पेटी मिटली म्हणजे पाणी आंत जात नाहीं. पण त्या कड्यावर वाळूचा एक कण किंवा एखादा केंस राहिला तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून दर खेपेस तें बोटानें पुसून पाहावयाचें. ही पेटी बुडेल कीं तरंगेल, ह्याचें गणित मीं नातवंडांस घातलें. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची १८. म्हणजे २१,६०० घन सेंटिमीटर. पेटी पूर्ण बुडावयाची तर तिनें तितकें, म्हणजे सुमारें साडेएकवीस किलो वजनाचें पाणी बाजूस सारलें पाहिजे. आणि सामानासह तिचें वजन तर सहा किलोहि नव्हतें. तेव्हां ती बुडणें शक्य नाहीं. तरीहि गणितावर विसंबून न राहतां, कॅमेऱ्याच्या ठिकाणीं स्वयंपाकघरांतील वरवंटा व एक कोरडें वर्तमानपत्र ठेवून ती परसांतील हौदांत सोडली, आणि वरून दाबून धरून अर्धा तास बुडवून ठेवली. वर्तमानपत्र कोरडें निघालें, तेव्हां कोठें वरवंट्याची सुटका झाली.

ज्यांस अशी पेटी घेणें परवडत नाहीं त्यांच्याकरितां रबरी कापडाची पिशवी मिळते. तिचें तोंड निदान तीन वेळां घट्ट गुंडाळून मग कडी लावावयाची, आणि आंत थोडी हवा राहूं द्यावयाची, म्हणजे ती तरंगते. पेटी असो वा पिशवी, ती होडक्याच्या मधोमध, तळाशीं ठेवावी. दोरीनें बांधावी, पण दोरी हातभरच असावी. लांब दोरी पायांत गुंतते. होडक्यांत भिंगें बदलूं नयेत. आपल्या मावळांतील पावसाळी हवेंत भिंगांस बुरशी धरते, म्हणून पेटींत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

तिसरी अट चित्रांची, आणि माझ्या दृष्टीनें हीच मुख्य. जें चित्र काढून झालें तें कॅमेऱ्याहून मोलाचें. यंत्र पुन्हां विकत मिळतें. हल्लीं फिल्म नसते. नखाएवढ्या कार्डांत शेंकडों चित्रें मावतात. काम होतांच तें कार्ड काढून लहान जलाभेद्य डबींत घालावें, आणि डबी बटणाच्या खिशांत अंगाशीं ठेवावी.

ह्या संबंधांत फ्रँक हर्ले ह्या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराची हकीकत मी त्यास सांगितली. शॅकलटन ह्याच्या दक्षिण ध्रुवाकडील सफरीवर तो होता. त्यांचें 'एन्ड्युरन्स' जहाज १९१५ सालीं बर्फांत चिरडलें गेलें. हर्ले त्या मोडक्या जहाजांत परत गेला आणि कपडे उतरून बर्फाळ पाण्यांत शिरून त्यानें कांचेच्या प्लेटा बाहेर काढल्या. त्या डाक देऊन बंद केलेल्या डब्यांत असल्यामुळें शाबूत राहिल्या होत्या. पुढें लहान होड्यांतून जावयाचें असल्यामुळें सर्व ओझें नेणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यानें सुमारें १२० प्लेटा निवडून ठेवल्या, सुमारें ४०० फोडून टाकल्या, आणि आपले मोठे कॅमेरे तेथेंच सोडून एक खिशांतला कॅमेरा तेवढा बरोबर घेतला. काय वांचवावें आणि काय सोडावें, हें त्या माणसास कळलें होतें.

असो. तिसऱ्या दिवशीं उजाडतां उजाडतां आम्ही निघालों. पाणी आरशासारखें स्थिर होतें. पुतण्या मागें गुडघे टेकून वल्हें मारीत होता, मी पुढें घोंगडीच्या घडीवर तळाशीं बसलों होतों, आणि पेटी मध्यें. पाराजवळ पोहोंचल्यावर मीं वल्ह्याचें पातें पाण्यावर आडवें धरून होडकें स्थिर केलें आणि त्यानें पेटी उघडली. पिंपळाचा आतां नुसता वाळका बुंधा राहिला आहे. चिरे मात्र जागच्या जागीं होते. पुष्कळ चित्रें झाल्यावर तो म्हणाला, "काका, जरा उभा राहिलों तर वरचा चौथराहि येईल. एकच."

तोच शब्द! क्षणभर मला बोलवेना. मग मी इतकेंच म्हणालों, "नाहीं. बस." त्यानें माझ्या तोंडाकडे पाहिलें आणि तो बसला. मागचा पडदा खालीं वळवून, कॅमेरा दोन्ही हातांनीं डोक्यावर धरून त्यानें बसल्याबसल्याच तें चित्र घेतलें. मग कार्ड डबींत, डबी खिशांत, कॅमेरा पेटींत.

परततांना वारा सुटला होता, पण कांठ गांठला. आणि तेथेंच घोटाळा झाला. होडकें सर्वांत अस्थिर असतें तें त्यांत चढतां-उतरतांना. पुतण्यानें एक पाय कांठावर ठेवला, दुसरा होडक्यांत होता. होडकें सरकलें आणि आम्ही काका-पुतणे कंबरभर पाण्यांत! जाकिटांमुळें आम्हांस कांहीं झालें नाहीं. पेटी हातभर दोरीवर तरंगत राहिली, आणि उघडून पाहतां आंत थेंबहि नव्हता. भिजला तो पुतण्याचा खिशांतील मोबाइल. तो घरीं येतांच सूनबाईनें तांदुळाचा डबा पुढें केला. आंबेमोहोराच्या प्रांतांत हा उपाय सुचणें साहजिकच. पण तांदुळाचा कोंडा भोंकांत जाऊन बसतो, असें पुतण्याचें म्हणणें. त्यानें यंत्र बंद केलें, पुसलें आणि वाऱ्यावर सावलींत ठेवलें. दोन दिवस तें सुरू करून पाहिलें नाहीं कीं विजेस जोडलें नाहीं; तिसऱ्या दिवशीं तें चालूं लागलें.

पुढें मी पुण्यास गेलों तेव्हां तें डोक्यावरून घेतलेलें चित्र मोठें करून दादांच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा पुसला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग डावीकडून तिसऱ्या चिऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "आई इथें बसत असे."

तो चिरा रिकामा आहे. त्या गेलेल्या छत्तीस चित्रांबद्दल मीं दादांस आजवर सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं सांगितलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, "हें कार्ड तरी नीट ठेव." त्याच्या दोन प्रती करून एक हिर्डोशीस आणि एक पुण्यास ठेवली आहे.